मापात पाप नको : सर सी. व्ही. रामन यांच्या जीवनातील एक धडा

कोकणातून या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांना पदार्थविज्ञान हा शब्द ठाऊक नसेल. पण मडके विकत घेताना त्यावर टिचकी मारून पाहण्याची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजायचे आणि ते बाजूला ठेवायचे. आजच्या प्रयोगशाळेत लोखंड, काच, काँक्रीट किंवा स्फटिक यांची परीक्षा याच तत्त्वावर होते. फरक इतकाच की टिचकीच्या जागी आपल्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपने असलेला ध्वनी वापरतात. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. हा ध्वनी पदार्थातून किती वेगाने गेला हे मोजले की त्या पदार्थाची स्थितिस्थापकता, म्हणजे दाबले किंवा ताणले असता पुन्हा मूळ आकारात येण्याचा त्याचा जोर, किती आहे हे कळते.

ऐकायला हे सोपे वाटते. पण मोजणारा माणूस असतो, मोजण्याचे साधन माणसाने केलेले असते, आणि म्हणून प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. ती चूक कोणती आणि खरे कोणते हे ओळखणे फार कठीण. हे ओळखण्यात जगात ज्यांचा हात धरणारे थोडेच होते, आणि तरीही उतारवयात ज्यांची याच बाबतीत फसगत झाली, अशा एका थोर भारतीयाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिकामुळे प्रकाशाचे शास्त्रज्ञ म्हणून ते आपणा सर्वांना माहीत आहेत. त्यांचे आयुष्य ध्वनीशी किती जोडलेले होते हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

हिशेबनीस शास्त्रज्ञ

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल या गावी झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्यांना व्हायोलिन वाजविण्याचा नाद होता. म्हणजे एका बाजूला गणिताची पुस्तके आणि दुसऱ्या बाजूला तारांचे सूर अशा घरात हा मुलगा वाढला. रामन चार वर्षांचे असतानाच वडिलांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेले. मुलगा विलक्षण हुशार. १९०४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी बी. ए. ची परीक्षा दिली आणि पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक मिळविले. १९०६ मध्ये, विद्यार्थी असतानाच, लंडनच्या एका नामांकित शास्त्रीय मासिकात त्यांचा पहिला लेख छापून आला.

पुढील शिक्षणासाठी विलायतेला जावे, तर प्रकृती तितकी सुदृढ नव्हती. त्या काळी हिंदुस्थानात संशोधन करून पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तेव्हा रामन यांनी सरकारी हिशेबखात्याची परीक्षा दिली आणि तीत पहिला क्रमांक मिळविला. १९०७ मध्ये लोकसुंदरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या वीणा वाजवीत असत. त्याच वर्षी हे तरुण जोडपे कलकत्त्याला गेले.

हिशेबखात्याचे काम कसे असते हे ज्यांनी कारखान्याच्या कचेरीत वह्या लिहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. जमा आणि खर्च यांत एका पैचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत उठायचे नाही. रामन दिवसा हे काम करीत, आणि पहाटे व संध्याकाळी कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील एका संस्थेत प्रयोग करीत. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन केली होती. रामन आले तेव्हा तिथली उपकरणे जवळजवळ धूळ खात पडली होती. आशुतोष डे नावाच्या साध्या मदतनिसाला हाताशी धरून रामन यांनी त्यांत पुन्हा जीव आणला.

मध्यंतरी बदल्या झाल्या. १९०९ मध्ये रंगून, आणि १९१० मध्ये नागपूर. म्हणजे आपल्या विदर्भाच्या मातीतही हा माणूस काही काळ राहून गेला. बदलीच्या गावीही घरातलाच एखादा कोपरा ते प्रयोगासाठी वापरीत. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले. पुढे १९१७ मध्ये विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा पगार जवळजवळ निम्म्यावर येणार हे माहीत असूनही त्यांनी मोठ्या अधिकाराची सरकारी नोकरी सोडली.

तबल्याची शाई

रामन यांची सुरुवातीची कित्येक वर्षे ध्वनीच्या अभ्यासात गेली. व्हायोलिन, वीणा, तंबोरा ही वाद्ये त्यांनी प्रयोगशाळेत आणली. व्हायोलिनवर गज फिरविताना माणसाच्या हाताचा दाब सारखा राहत नाही, आणि त्यामुळे मोजमाप बिघडते. म्हणून त्यांनी गज नेमक्या वेगाने आणि नेमक्या दाबाने चालविणारे यंत्रच तयार केले. मोजण्याआधी चुकीची वाट बंद करायची, ही त्यांची पद्धत यात दिसते.

त्यांचा तबला आणि मृदंगावरील अभ्यास आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप मारली तर जे अनेक सूर एकदम उठतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोलाचा आवाज म्हणजे नुसता दणका. पण तबल्याच्या आणि मृदंगाच्या कातड्यावर मध्यभागी काळ्या शाईचे थर चढवितात. त्या वजनामुळे कातड्याची कंपने बदलतात आणि त्यांतून उठणारे सूर तारेच्या सुरांसारखे एकमेकांच्या पटीत येतात. रामन यांनी १९२० मध्ये हे प्रथम प्रसिद्ध केले. कातड्यावर बारीक वाळू पसरून, ती कुठे नाचते आणि कुठे स्थिर राहते यावरून कंपनांचे आकार त्यांनी दाखविले. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या कानाने हे साधले होते, त्यांच्या हाताचे मोल या अभ्यासाने जगाला कळले. गणेशोत्सवात भजनाला बसलेल्या आपल्या मृदंगवाल्यांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी.

उरलेला फरक

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा विलायतेला गेले. परतीच्या प्रवासात बोटीवरून समुद्राकडे पाहताना त्यांना एक शंका आली. समुद्राचा निळा रंग हा आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांच्याजवळ एक छोटा लोलक होता. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून अडविता येत असे. तो डोळ्याला लावून त्यांनी पाहिले, तरी समुद्र निळाच! म्हणजे निळेपणा पाण्याच्या आतूनच येत होता. बोट मुंबई बंदराला लागली तोवर या विषयावरचे त्यांचे टिपण तयार झाले होते.

कलकत्त्याला येताच निरनिराळ्या द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो याचे प्रयोग सुरू झाले. १९२३ मध्ये त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी मंद, निराळ्या रंगाची छटा दिसली. पहिला संशय साहजिकच चुकीचा. पाण्यात काहीतरी मळ असेल, असे वाटले. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले, पण ती छटा जाईना. इतर द्रव घेतले. के. एस. कृष्णन यांनी पुढे कित्येक द्रव जिवापाड मेहनतीने शुद्ध करून पाहिले, तरी ती छटा कायम. सगळ्या चुका एकेक करून काढून टाकल्यावरही जो फरक उरला, ती चूक नव्हती, ते निसर्गाचे सत्य होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हे पक्के झाले. हाच रामन परिणाम. द्रवाचे रेणू स्वतःच्या कंपनामुळे प्रकाशाचा रंग किंचित बदलतात, असा त्याचा अर्थ. याबद्दल १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळविणारे ते पहिले आशियाई.

हा प्रसंग वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. हिशेबात उरलेला फरक हा कधी हिशेबनिसाची चूक असतो, तर कधी खरोखरच कुठेतरी पैसा आलेला असतो. ते ओळखण्यासाठी वही तपासण्याचे कष्ट मात्र आधी घ्यावे लागतात. १९२८ मध्ये हे कष्ट पूर्ण घेतले गेले होते.

प्रकाशाने ध्वनी मोजणे

१९३३ मध्ये रामन बंगलोरच्या टाटांनी स्थापिलेल्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत श्राव्यातीत ध्वनीविषयी नवे शोध लागत होते. क्वार्ट्झ या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो आकुंचन-प्रसरण पावतो, आणि वीज भराभर पालटली की तो ऐकू न येणारा ध्वनी निर्माण करतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे पॉल लान्जेव्हाँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी याचा उपयोग केला होता. १९३२ मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये असे दिसून आले की, असा ध्वनी जात असलेल्या द्रवातून प्रकाशाचा किरण आडवा सोडला तर त्या एका किरणाचे अनेक किरण होतात. ध्वनीमुळे द्रवात दाट आणि विरळ असे थर बनतात, आणि ते थर प्रकाशाला जाळीसारखे काम देतात.

पण किती किरण होतील, आणि कोणता किती तेजस्वी असेल, याचा उलगडा होत नव्हता. तो रामन आणि त्यांचे तरुण सहकारी एन. एस. नागेंद्र नाथ यांनी १९३५ आणि १९३६ मधील लेखमालेत केला. आज जगभर तो रामन-नाथ सिद्धांत म्हणून शिकविला जातो. किरणांमधील कोन मोजला की ध्वनीची तरंगलांबी मिळते, तिला कंपनांच्या संख्येने गुणले की वेग मिळतो, आणि वेगावरून द्रवाची दाबाला टिकण्याची ताकद कळते. रामन यांचे जुने विद्यार्थी एस. भगवंतम यांनी वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात हीच विद्या पुढे नेली. त्यांनी आणि भीमसेनाचार यांनी पाचरीच्या आकाराचा क्वार्ट्झ वापरून अनेक स्फटिकांची स्थितिस्थापकता मोजली. पाचरीची जाडी जागोजागी वेगळी असल्याने एकाच तुकड्यातून हवी ती कंपनसंख्या मिळते, ही त्यातली युक्ती. हेच भगवंतम पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या वेळी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता.

चुका कशा शिरतात

आता या मोजमापात चुका कशा शिरतात ते पाहू. समजा, पोलादाचा दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा आहे. पोलादातून असा ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. एका बाजूने ध्वनी सोडला, तो पलीकडच्या बाजूवर आपटून परत आला, म्हणजे वीस मिलिमीटर गेला. याला वेळ लागतो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३.४ भाग! जाडी मोजताना एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर वेगात एक टक्का चूक येते. स्थितिस्थापकता काढताना वेगाचा वर्ग करावा लागतो, म्हणून तिथे तीच चूक दोन टक्के होते. सावकाराच्या व्याजासारखी ती वाढत जाते.

दुसरी चूक यंत्र आणि तुकडा यांच्या मधली. ध्वनी नीट आत शिरावा म्हणून मध्ये तेल लावतात. तेलाचा थर केसाच्या जाडीइतका, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग असला, तरी त्यातून जाताना आणि येताना इतका वेळ जातो की वेग दोन टक्के कमी, आणि स्थितिस्थापकता चार टक्के कमी भरते. यावर उपाय असा की, पहिला प्रतिध्वनी आणि दुसरा प्रतिध्वनी यांमधला वेळ मोजायचा. तेलाचा थर दोघांनाही सारखाच लागलेला असल्याने त्याचा परिणाम बहुतेक वजा होऊन जातो.

तिसरी चूक उष्णतेची. पाण्यातील ध्वनीचा वेग नेहमीच्या तपमानाला एका अंशामागे सेकंदाला सुमारे तीन मीटरने बदलतो. शिवाय जोरदार ध्वनी सोडला तर तो ध्वनीच द्रवाला तापवितो. म्हणजे मोजणाराच मोजायची वस्तू बदलून टाकतो.

आणि चौथी चूक सर्वांत मोठी, कारण तिच्यात यंत्राचा काहीच दोष नसतो. पोलादाच्या बारीक, लांब सळईतून जाणारा ध्वनी आणि जाड ठोकळ्यातून जाणारा ध्वनी यांचे वेग सारखे नसतात. ठोकळ्यात वेग जास्त असतो, कारण बाजूचे पोलाद त्याला फुगू देत नाही. ठोकळ्यात वेग मोजून त्याला सळईचे सूत्र लावले, तर उत्तर सुमारे तीस टक्क्यांनी जास्त येते. वेळ अचूक, जाडी अचूक, गुणाकारही अचूक, आणि उत्तर मात्र चूक! कारण मनात आधीच धरलेली कल्पना चुकीची.

शाळेत आम्ही मुलांना सांगतो की एकच माप दहा वेळा घ्यावे आणि सरासरी काढावी. हात थरथरण्याने होणाऱ्या चुका त्याने नक्कीच कमी होतात. पण पट्टीच आखूड असेल, तेलाचा थर धरलाच नसेल किंवा कल्पनाच चुकीची असेल, तर दहा काय, हजार वेळा मोजले तरी तीच चूक हजार वेळा मिळते. उलट, सगळी उत्तरे सारखी आली म्हणून मोजणाऱ्याचा गर्व तेवढा वाढतो.

एका मराठी मुलीचे मोजमाप

मनात आधीच धरलेल्या कल्पनेने केवळ पोलादाचेच नव्हे, माणसाचेही मोजमाप चुकते. रामन यांच्या बंगलोरमधील पहिल्याच वर्षी, १९३३ मध्ये, असे घडले आणि त्याचा संबंध एका मराठी घराशी आहे.

त्या वर्षी कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आली. मराठीतील नामवंत लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाईंनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला, तो रामन यांनी नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. म्हणजे यंत्र न लावताच माप लिहून टाकले!

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगलोरला गेल्या आणि कारण विचारून संचालकांच्या दारात सत्याग्रहाला बसल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, आणि कामाने संचालकांचे समाधान झाले तरच पुढे जाता येईल. मुलांना अशी अट नव्हती. कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली रात्रंदिवस काम केले. वर्ष संपल्यावर रामन यांनी ते काम पाहिले आणि आपले मत बदलले. पुढे संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. विज्ञानात असे यश मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. डॉ. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. तरुणपणी झालेला तो अपमान आपण कधीही विसरलो नाही, असे त्यांनी उतारवयातही सांगितले होते.

रामन यांनी चूक सुधारली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. पण त्या सुधारणेची किंमत एका मुलीने एक वर्ष परीक्षेत उभे राहून दिली, हेही लिहिले पाहिजे. ज्या मुली दारात बसल्या नाहीत आणि मुकाट्याने घरी परत गेल्या, त्यांचे मोजमाप तर कोणीच केले नाही.

उसाची लॉरी आणि चौथा आकडा

रामन स्वभावाने मानी आणि रागीट होते. संस्थेतील वादांमुळे १९३७ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले, मात्र १९४८ पर्यंत ते तेथे प्राध्यापक राहिले. त्यानंतर बंगलोरमध्येच त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभी केली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

याच काळात स्फटिकांच्या आतील कंपनांबद्दल जर्मन शास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद चालला होता. गंमत अशी की, १९३५ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या बॉर्न यांना रामन यांनीच आदराने बंगलोरला बोलावले होते. पुढे मित्रांचे प्रतिस्पर्धी झाले. कालांतराने झालेल्या नव्या प्रयोगांनी बॉर्न यांचीच बाजू खरी ठरविली. रामन यांनी मात्र आपले मत सोडले नाही.

त्यातूनच १९५५ चे प्रकरण घडले. मीठ किंवा हिरा यांसारख्या घनाकृती घडणीच्या स्फटिकांची स्थितिस्थापकता सांगायला तीन आकडे पुरतात, असे शास्त्र एकोणिसाव्या शतकापासून मानत आले आहे. रामन आणि के. एस. विश्वनाथन यांनी असे मांडले की तीन पुरत नाहीत, चार लागतात. त्यांनी आधार घेतला तो ध्वनीच्या वेगांच्या मोजमापांचा. ध्वनीवरून काढलेली दाबाला टिकण्याची ताकद आणि प्रत्यक्ष दाब देऊन मोजलेली ताकद यांत काही स्फटिकांच्या बाबतीत फरक उरत होता. तो फरक हीच चौथ्या आकड्याची खूण, असे त्यांचे म्हणणे.

पण इथे एक खाचखळगा होता. त्या तीन आकड्यांपैकी एक आकडा सरळ मोजता येत नाही. दोन मोठी मापे घेऊन एकातून दुसरे वजा करून तो काढावा लागतो. याचा अर्थ आपल्या बेटावरच्या उदाहरणाने सांगतो. समजा, उसाने भरलेली दहा टनांची लॉरी काट्यावर चढविली आणि ड्रायव्हरसह वजन घेतले. मग ड्रायव्हरला उतरवून पुन्हा वजन घेतले, आणि वजाबाकीने ड्रायव्हरचे वजन काढले. काटा हजारात फक्त दोन चुकला, तर लॉरीच्या वजनात वीस किलोंचा फरक पडेल. ऊस विकणाराही त्याकडे फारसे लक्ष देणार नाही. पण सत्तर किलोंचा ड्रायव्हर मात्र पन्नास किंवा नव्वद किलोंचा ठरेल! स्फटिकांच्या मोजमापात असेच होते. वेगातील लहानशी चूक वर्ग करताना दुप्पट होते आणि वजाबाकी करताना कितीतरी पटींनी फुगते. शिवाय ध्वनी इतक्या झटपट जातो की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तर सावकाश दाब देताना तो मिळतो. म्हणून ही दोन मापे मुळातच थोडी वेगळी यायची. तेही आधी वजा करावे लागते.

पुढे मोजण्याची साधने सुधारली. चौथा आकडा मात्र शास्त्रात टिकला नाही. घनाकृती स्फटिकांना आजही तीनच आकडे पुरतात. १९२८ मध्ये उरलेला फरक हे सत्य होते. १९५५ मध्ये उरलेला फरक ही मोजमापाची मर्यादा होती. माणूस तोच, बुद्धी तीच, मेहनतीची सवयही तीच. बदल एका ठिकाणी झाला होता. १९२८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने पहिला संशय स्वतःवर घेतला होता. १९५५ मध्ये तो संशय इतरांवर होता.

अखेर आणि बोध

अखेरच्या वर्षांत रामन आपल्या संस्थेच्या बागेत रमले. फुलांचे रंग, रत्नांची चमक, माणसाच्या डोळ्याला रंग कसे दिसतात, यांचा अभ्यास त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवला. शाळेतील मुले आली की हा वृद्ध शास्त्रज्ञ त्यांना हिरे आणि स्फटिक दाखवीत तासन्‌तास बोलत असे. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या आवारातच, कोणतेही धार्मिक विधी न करता, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. भारतात १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

या चुकांमुळे रामन लहान होतात का? मुळीच नाही. हिमालयाच्या सावलीत खड्डे असतात म्हणून हिमालय बुटका होत नाही. पण थोरांच्या चरित्रातून फक्त हारतुरे घ्यायचे आणि ठेच लागलेली जागा झाकून ठेवायची, असे केले तर आपली मुले त्याच जागी ठेचाळतील.

श्राव्यातीत ध्वनीची परीक्षा आज घरोघरी पोहोचली आहे. पोटातल्या बाळाचे चित्र तिने काढतात, जहाजाच्या पत्र्याची जाडी तिने मोजतात, पुलाच्या काँक्रीटमधील पोकळी तिने शोधतात. पोर्ट लुईच्या बंदरात काम करणारा आपला मुलगा असो, की सिडनीजवळच्या क्वेकर्स हिलला जाऊन राहिलेली आपली भाची असो, हे यंत्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाला नियम एकच. आधी माहीत असलेल्या जाडीच्या ठोकळ्यावर यंत्र तपासून घ्यावे, आणि मग अनोळखी वस्तूला लावावे. उत्तर लिहिताना नुसता आकडा लिहू नये. तो किती कमी-जास्त असू शकेल तेही शेजारी लिहावे. तो छोटा अधिक-उणे हा कमीपणा नव्हे. ती मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची सही आहे. कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणीतरी पुलावरून जाणार असते.

मापात पाप नको, असे आपले वाडवडील तराजू धरणाऱ्याला बजावीत आले. ते दुकानदाराला जितके लागू, तितकेच शास्त्रज्ञाला, शिक्षकाला आणि आईबापांना लागू आहे. येत्या २८ फेब्रुवारीला पालकांनी घरात एक सोपा प्रयोग करून पाहावा. मुलगा आणि मुलगी, दोघांच्याही हाती एकेक पट्टी द्यावी, एकच टेबल दोघांना दहा-दहा वेळा मोजू द्यावे, आणि सगळे आकडे कागदावर मांडावेत. आकडे जुळणार नाहीत. कोणाचे चुकले म्हणून रागावू नये. का जुळले नाहीत ते दोघांनी मिळून शोधावे. रामन यांच्या प्रयोगशाळेत १९२८ मध्ये जे झाले त्याची सुरुवात अशाच शोधाने झाली होती.